पात्र आणि अपात्र : सज्जन व्यक्तिरेखेचा प्रश्न

खलपात्र रंगते आणि सज्जन पात्र फिके पडते, असा एक समज मराठी कथा-कादंबरीच्या चर्चेत रूढ आहे. खलपात्राला हाव असते, डावपेच असतात. सज्जनाच्या वाट्याला फक्त सोसणे येते. हा समज तपासण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नांदेडच्या समीक्षेत आणि लातूरकडच्या कादंबरीत त्याला उत्तर आहे.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील प्राध्यापक नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी महाभारतातील व्यक्तिरेखांवर लिहिले, तसेच रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली. पूजनीय माणसाकडेही माणूस म्हणून पाहावे, आदर आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, ही दृष्टी त्यांच्या लेखनातून मिळते.

या दृष्टीने युधिष्ठिराकडे पाहू. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, हा त्याचा गुण. म्हणून धृतराष्ट्राचे द्यूताचे निमंत्रण तो नाकारत नाही. पण त्याला द्यूताची ओढही आहे. त्याच्या गुणाने आणि दोषाने मिळून जे घडवले, त्याची किंमत द्रौपदीने मोजली. आणि धर्मराजाला अडचणीत आणणारा प्रश्नही तिनेच भर सभेत विचारला. युधिष्ठिर वाचकाला अस्वस्थ करतो तो त्या प्रश्नामुळे.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’कडे आपण वात्सल्याची मूर्ती म्हणून पाहतो. पण पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला हीच आई शिंपटीने मारते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. माया आणि मार एकाच मुळातून येतात, म्हणूनच ती तसबिरीतली देवी न राहता आई वाटते.

लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) याच्या पुढे जाते. गंगाराम हा खेड्यातला शिंपी. सरळ, कष्टाळू, कोणापुढे न वाकणारा. त्याची गोष्ट सांगते त्याची बायको पार्वती, मराठवाड्याच्या बोलीत. निवेदनाची ही निवड निर्णायक आहे. गावाच्या चावडीवरून जो स्वाभिमान दिसतो, तोच घरातल्या चुलीपाशी हट्ट होऊन पोचतो. गंगारामला वाईट ठरवण्याची गरजच पडत नाही. त्याच्या चांगुलपणाची झळ कोणाला लागते, एवढे दिसले की पुरे.

यातून एक सूत्र हाती येते. सज्जन पात्राला वरून एखादा दुर्गुण चिकटवल्याने ते जिवंत होत नाही. त्याचा गुण ज्या ठिकाणी दुसऱ्याला महाग पडतो, ती जागा लेखकाला सापडावी लागते.

आज मराठवाड्यात या प्रश्नाला वेगळी धार आहे. शेतकरी आत्महत्येनंतर जिल्हा समिती प्रकरण तपासून ते मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा हे सगळे कागदावर सिद्ध व्हावे लागते. अशा वातावरणात कथेतला शेतकरीही निष्कलंक रंगवण्याचा मोह लेखकाला होतो. त्याचा एखादा दोष दाखवला तर सगळे खापर त्याच्याच माथी फुटेल, ही भीती खरी आहे. पण निष्कलंक माणसाची वाचकाला फक्त कीव येते. लेकीचे लग्न थाटात व्हावे म्हणून जास्त कर्ज काढणारा, बायकोला आकडा न सांगणारा बाप सज्जनच असतो. त्याचे ते लपवणे मायेपोटीच असते, आणि पुढे ते कर्ज फेडायचे असते त्याच बायकोला.

सरकारी फाइलीला निर्दोष माणूस लागतो. कथेत मात्र सदोष माणूसही पात्र ठरला पाहिजे.