थोडक्यात निभावल्याची नोंद

हवाई विद्यापीठाच्या होनोलुलूतल्या एका प्रयोगशाळेत १६ मार्च २०१६ रोजी ४९ लिटरची वायूची टाकी फुटली आणि तिथे काम करणाऱ्या संशोधिकेने एक हात गमावला. टाकीत हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली एकत्र भरले होते. प्रयोगातल्या जिवाणूंचा हा खुराक. या अपघाताच्या चौकशी अहवालात सगळ्यात अस्वस्थ करतो तो आदला दिवस. तशाच, पण जेमतेम चार लिटरच्या दुसऱ्या टाकीत त्या दिवशी आतल्या आत छोटा स्फोट झाला होता. टाकीला हात लावला की स्थिर विजेचे झटके बसतात, हेही तिने वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. काळजी करण्यासारखं काही नाही, असं उत्तर मिळालं. कुणाला इजा झाली नव्हती, त्यामुळे काम थांबवायचं कारणही कुणाला दिसलं नाही.

विद्यापीठांतल्या अपघातांचा मागच्या काही दशकांचा इतिहास चाळताना हा आदला दिवस वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतो. प्रत्यक्ष अपघाताची कागदपत्रं पोतंभर असतात. जे होता होता राहिलं, त्याची मात्र कुठे चिठ्ठीही नसते.

नोंद वेळेवर झाली तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजचं आहे. कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्या नामांकित अभ्यासक. ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. मोजे लॅटेक्सचे, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे काळजी पुरेशी घेतलेली. पाच महिन्यांनी तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं; ८ जून १९९७ रोजी त्या गेल्या. त्या बेशुद्धावस्थेत असतानाच, मे महिन्यात, त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिलं: हा पदार्थ अशा मोज्यांतून काही सेकंदांत आरपार जातो, सावध राहा. इभ्रत जाईल म्हणून कुणी गप्प बसलं नाही. हा पदार्थ कसा हाताळायचा, याचे संकेत जगभर बदलले. मात्र त्यासाठी एक जीव जावा लागला होता.

पुढच्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक भाजून दगावली. हवेशी संपर्क येताच पेट घेणारा द्रव सिरिंजमधून घेताना दट्ट्या निसटला, अंगावरचा स्वेटर पेटला. लॅब-कोट नव्हता. हा अपघात डिसेंबर २००८चा. दोनच महिन्यांपूर्वी विद्यापीठाच्याच सुरक्षा तपासणीत त्या प्रयोगशाळेत लॅब-कोट घातले जात नसल्याचं लिहून ठेवलं होतं. म्हणजे इथे नोंद होती, ती वाचून हलणारं कुणी नव्हतं. खटला प्राध्यापकावर आणि विद्यापीठावर, दोघांवरही गुदरला.

टेक्सास टेक विद्यापीठातला जानेवारी २०१०चा स्फोट मला या सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही, असा दंडक होता. पण तो तोंडी. प्रयोगांना पुरेसा साठा एकदाच करावा म्हणून दोन विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम बनवलं. म्हणजे शंभरपट. खलबत्त्यात गुठळ्या फोडताना ते उडालं आणि एकाची तीन बोटं गेली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने तपास केला तेव्हा याच संशोधनगटात आधीही धोकादायक प्रसंग घडल्याचं निघालं. ते लिहिले गेले नव्हते, पुढच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलेही नव्हते. विद्यापीठात विद्यार्थी चार-पाच वर्षांत बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर प्रयोगशाळेची आठवणही जाते. शिवाय बाहेरच्या कुणी येऊन प्रयोगशाळा तपासणं हे काही प्राध्यापकांना शैक्षणिक स्वातंत्र्यावरचं आक्रमण वाटत होतं. स्वातंत्र्याचा एवढा सोयीस्कर अर्थ विरळाच.

विमानवाल्यांनी हे दुखणं आधीच ओळखलं होतं. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ उतरू पाहणारं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. त्याच मार्गावर, नियंत्रकाच्या सूचनेबद्दलच्या त्याच गैरसमजातून, सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेडचं एक विमान त्याच डोंगरातून जेमतेम सुटलं होतं. त्या वैमानिकांनी ते सांगितलं, कंपनीने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावधही केलं. शेजारच्या कंपनीपर्यंत मात्र ते पोचलं नाही. यातून १९७६मध्ये ऐच्छिक नोंदींची व्यवस्था उभी राहिली, आणि ती मुद्दाम नासाकडे दिली, कारण दंड करणाऱ्या खात्याला कुणी मोकळेपणाने काही सांगत नाही. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळवली तर सहसा शिक्षा माफ होते. विद्यापीठात याच्या नेमकं उलट. चूक सांगायची ती गाईडला, आणि प्रबंधावर सही करणारा, शिफारसपत्र देणाराही तोच.

आपल्याकडे २०१०मध्येच दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षं बंद पडलेलं कोबाल्ट-६०चं यंत्र भंगारात लिलावाने विकलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली, एक कामगार मेला. अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाला नोटीस बजावली, एवढं तरी झालं, कारण किरणोत्सारी सामानावर नजर ठेवणारं कुणीतरी आहे. साध्या ईथरवर किंवा सोडियमच्या तुकड्यावर तशी नजर कुणाची?

कारखान्यांची गोष्ट वेगळी. १९४८च्या कारखाने अधिनियमात पुढे ८८-अ हे कलम घातलं गेलं: नियमांत सांगितलेला धोकादायक प्रसंग घडला, तर कुणाला इजा झालेली असो वा नसो, व्यवस्थापकाने कळवलंच पाहिजे. ‘कुणाला लागलं नाही ना’ ही पळवाट कायद्याने तिथे बंद केली. पण नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेला हा कायदा कारखान्यापुरता होता. त्यामुळे एमएस्सी करून तारापूरला लागलेल्या पोराला पहिल्या महिन्यातच असे प्रसंग लिहिण्याचा फॉर्म हातात मिळू शकतो. त्याचा पीएचडीला राहिलेला मित्र फ्यूम हूडमध्ये फ्लास्क फुटला तर काचा झाडतो, बोटाला बर्नॉल लावतो, आणि शनिवारच्या ग्रुप मीटिंगला हे सांगायचं की नाही, ते सरांचा मूड बघून ठरवतो.