विश्लेषण : समुद्र नसलेल्या पुण्यातले करमुक्त ‘बंदर’

हिंजवडी किंवा खराडीतल्या ‘सेझ’मध्ये काम करणाऱ्यांना गेटवर लॅपटॉपची नोंद करायची सवय असते. हा फक्त कंपनीच्या सुरक्षेचा भाग नाही. सीमाशुल्कापुरती ती इमारत कायद्याने भारताबाहेर धरली जाते. २००५ च्या सेझ कायद्याचे ५३ वे कलम तसे सांगते.

कल्पना कुठून आली?
मुक्त बंदरांतून. सिंगापूर आणि हाँगकाँग याच जोरावर वाढले. माल उतरवा, साठवा, पुढच्या जहाजावर चढवा, कर नाही. भारताने १९६५ मध्ये कांडला बंदराजवळ असे क्षेत्र उभारले. १९७३ मध्ये अंधेरीत ‘सीप्झ’ आले.

फायदा काय?
समजा, परदेशातून १०० रुपयांचा सुटा भाग आणला आणि त्यावर १० रुपये शुल्क आहे. एरवी ते आधी भरायचे आणि वस्तू निर्यात झाल्यावर परताव्यासाठी थांबायचे. सेझमध्ये ते भरायचेच नाही, त्यामुळे पैसा अडकत नाही. मात्र तीच वस्तू लक्ष्मी रोडवर विकायची असेल, तर ती परदेशातून आल्यासारखे आयात शुल्क लागते.

मग आयटी कंपन्या इथे का आल्या?
सॉफ्टवेअरला कंटेनर लागत नाही. सर्व्हर, लॅपटॉप करमुक्त मिळत, पण खरे आकर्षण प्राप्तिकराचे होते. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण सूट, पुढची पाच वर्षे निम्मी. त्यानंतरही नफा पुन्हा गुंतवला तर आणखी पाच वर्षे काही सूट. नव्या युनिटसाठी मार्च २०२० ही मुदत ठरली होती. करोनामुळे ती थोडी लांबली आणि मग दार बंद झाले.

त्याच काळात करमुक्त लॅपटॉप घरोघरी गेले. ‘भारताबाहेरची’ वस्तू कोथरूडच्या डायनिंग टेबलावर! घरून कामासाठी सेझ नियमांत स्वतंत्र तरतूद व्हायला जुलै २०२२ उजाडला.

आता काय?
करसवलत नसेल तर गेटवरची कटकट कोण सोसणार? सेझ इमारतींतले मजले भाड्याने देणे अवघड होऊ लागले. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने आयटी सेझमधला एखादा मजला सेझबाहेर काढायची मुभा दिली. अटी दोन : मजला पूर्ण हवा, आणि त्या जागेवर घेतलेल्या करसवलती विकासकाने परत करायच्या. अशा इमारतीत पाचवा मजला ‘परदेशात’ आणि सहावा पुण्यात असू शकतो.