टॉर्क पाना : मोटारीचे नट किती आवळावेत?

मोटारीचे प्रत्येक चाक चार-पाच नटांच्या किंवा बोल्टांच्या आधारावर गाडीस जोडलेले असते. हे नट किती आवळावेत, असा प्रश्न विचारला तर 'चांगले घट्ट' असे उत्तर मिळते. परंतु चांगले घट्ट हे काही माप नव्हे. एखादा कारागीर पान्यावर पाय देऊन उभा राहतो, दुसरा केवळ मनगटाच्या जोरावर नट फिरवितो, आणि दोघांसही आपले काम चोख झाले असेच वाटते. या अंदाजाच्या जागी मोजमाप आणणारे साधन म्हणजे टॉर्क पाना होय. मात्र हा पाना नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग साध्या पान्याहून अधिक होत नाही.

बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे, अशी कल्पना केल्यास पुढील सर्व गोष्टी सुलभ होतात. नट आवळला म्हणजे बोल्ट किंचित ताणला जातो आणि पूर्वस्थितीस येण्याच्या त्याच्या प्रवृत्तीमुळे चाक आपल्या बैठकीवर दाबून धरले जाते. गाडीचा भार आणि ब्रेकचा ओढा या दाबामुळे निर्माण होणारे घर्षणच प्रामुख्याने सहन करते. ताण कमी पडला तर प्रत्येक फेऱ्यागणिक चाक सूक्ष्म प्रमाणात सरकत राहते. बोल्ट पुनःपुन्हा वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. याउलट ताण मर्यादेबाहेर गेला तर धातूची स्थितिस्थापकता संपते, बोल्ट कायमचा लांबतो आणि त्याची पकड भरवशाची राहत नाही. अॅल्युमिनियमच्या भागात बसविलेल्या बोल्टांचे तर आटेच सोलून निघतात. स्पार्क प्लग बसविताना अशा रीतीने एंजिनाचा महागडा भाग निकामी झाल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

नट फिरविण्याच्या जोरास परिबल अथवा टॉर्क असे म्हणतात. हाताने लावलेले बल आणि नटाच्या मध्यापासून हातापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. त्याचे एकक न्यूटन-मीटर हे होय. साठ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर सुमारे १४७ न्यूटन-मीटर परिबल पडते. त्याच पान्यास नळीचा तुकडा जोडून लांबी पाऊण मीटर केली, तर ते ४४० च्या घरात जाते. बहुतेक लहान व मध्यम मोटारींच्या चाकांस ८० ते १४० न्यूटन-मीटर पुरेसे असते. यावरून पाय देऊन नट आवळण्याच्या पद्धतीचे मोल वाचकांनीच ठरवावे.

हे परिबल मोजण्याची गरज प्रथम मोटारीच्या संदर्भात भासली असे नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणारे कॉनरॅड बार यांना मोठ्या नळांच्या सांध्यांवरील बोल्ट असमान आवळले जात असल्याची अडचण जाणवली, आणि १९१८ साली त्यांनी टॉर्क पान्याची कल्पना साकार केली, असे श्रेय त्यांस दिले जाते. ताणाच्या प्रमाणात स्प्रिंग लांबते, हा रॉबर्ट हूक यांचा १६७८ साली प्रसिद्ध झालेला नियम येथे उपयोगी पडतो. सर्वांत साध्या टॉर्क पान्यात दांडी जोराच्या प्रमाणात वाकते. तिच्या शेजारची काट्याची बारीक सळई भाररहित असल्याने सरळच राहते, आणि मुठीजवळच्या पट्टीवर काटा परिबल दाखवितो. दुसऱ्या प्रकारात मूठ फिरवून हवे ते परिबल आधीच ठरविता येते. ते गाठले गेले की आतील स्प्रिंगने दाबून धरलेला ठोकळा निसटतो आणि 'टक्' असा आवाज होतो. हा आवाज म्हणजे केवळ सूचना असते. त्यानंतरही हात ओढतच राहिला तर पाना त्यास अडवीत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपणांस हवा असतो बोल्टमधील ताण. पाना मोजतो ती नट फिरविण्यास लागणारी पिळवट. या दोहोंच्या मध्ये घर्षण उभे असते. सामान्यतः लावलेल्या परिबलापैकी सुमारे निम्मा भाग नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांतील घर्षणात खर्ची पडतो. बोल्ट ताणण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. साहजिकच घर्षणात थोडा जरी फरक पडला तरी ताणात फार मोठा फरक पडतो. बारा मिलिमीटर व्यासाचा एक बोल्ट कोरड्या आट्यांनिशी १०० न्यूटन-मीटर परिबलाने आवळला, तर त्यात सुमारे ४२,००० न्यूटन, म्हणजे सव्वाचार टन वजनाइतका ताण येतो. आट्यांस तेल लावून तेच परिबल दिले, तर ताण ५५,००० न्यूटनांपर्यंत जाऊ शकतो. पान्यावरील आकडा दोन्ही वेळी एकच! सर्वत्र आढळणाऱ्या ८.८ प्रतीच्या त्या मापाच्या बोल्टाची खात्रीशीर सहनशक्ती सुमारे ४९,००० न्यूटन आहे. म्हणजे पहिल्या बाबतीत बोल्ट सुरक्षित राहील, दुसऱ्या बाबतीत मर्यादा ओलांडील. गंजलेल्या आट्यांत याच्या उलट घडते : पाना 'टक्' म्हणतो, परंतु ताण अपुराच राहतो.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी तारेच्या ब्रशाने आटे स्वच्छ करावेत. चाकाचे आटे कोरडे ठेवावेत. मोटार बनविणाऱ्या कारखान्याने तेल लावण्यास स्पष्ट सांगितले असेल तरच तेल लावावे.

पान्याची निवड करताना मोठ्यात मोठे माप घेण्याचा मोह आवरावा. स्प्रिंगचा टॉर्क पाना आपल्या कमाल मापाच्या पाचव्या हिश्श्याखाली भरवशाचा राहत नाही. दोनशे न्यूटन-मीटरचा पाना चाकांसाठी उत्तम, परंतु सहा मिलिमीटरच्या, दहाएक न्यूटन-मीटर मागणाऱ्या बोल्टास तो बेधडक तोडील. ज्यास एंजिनाचेही काम करावयाचे आहे त्याने सुमारे ४० ते २०० आणि ५ ते २५ न्यूटन-मीटरचे दोन पाने बाळगणे श्रेयस्कर. खर्च परवडत नसेल तर वाकत्या दांडीचा पाना घ्यावा. तो स्वस्त असतो, त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते, आणि आधुनिकतेच्या हौसेपायी त्याला उगाच कमी लेखले जाते. एककांकडेही लक्ष असावे : जुन्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर (९.८१ न्यूटन-मीटर) आणि परदेशी पुस्तिकांत फूट-पौंड (१.३६ न्यूटन-मीटर) आढळतात. ८० हा आकडा न्यूटन-मीटर समजून वाचला आणि तो फूट-पौंडांचा असला, तर एक चतुर्थांशाहून अधिक पकड हरवते.

चाक बसविताना नट प्रथम हातानेच फिरवावेत, म्हणजे आटे तिरपे बसत नाहीत. निमुळत्या तोंडाचे नट असल्यास निमुळती बाजू चाकाकडे ठेवावी. गाडी जॅकवर असताना सर्व नट हलके आवळावेत आणि चाक जमिनीस टेकून फिरेनासे झाल्यावरच टॉर्क पाना लावावा. पाच नटांच्या चाकावर एक सोडून एक, चार नटांच्या चाकावर समोरासमोर, असा क्रम ठेवून प्रथम निम्म्या आणि मग पूर्ण परिबलापर्यंत जावे. एका अंगाने आवळत गेल्यास चाक तिरके बसते. पाना मुठीच्या मध्यावर धरून संथपणे ओढावा, झटका देऊ नये. 'टक्' झाल्यावर थांबावे. खात्रीसाठी पुनःपुन्हा आवाज काढण्याची सवय नट थोडा थोडा अधिकच आवळत जाते. पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यानंतर एकदा नट पुन्हा पाहावेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टायरच्या दुकानांत हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने नट आवळतात आणि मग टॉर्क पाना लावून आवाज ऐकवितात. त्या आवाजावरून नट सैल नाही एवढेच सिद्ध होते. तो दुपटीने आवळलेला असला तरीही पाना तसाच वाजतो. खरे परिबल हवे असेल तर नट सैल करून तो नव्याने आवळावा लागतो. सैल करण्यासाठी मात्र साधाच पाना वापरावा.

पान्याच्या टोकाशी सरळ रेषेत जोडपट्टी लावल्यास हिशेब बदलतो. ४०० मिलिमीटर लांबीच्या पान्यास ५० मिलिमीटरची जोड दिली आणि नटावर ९० न्यूटन-मीटर हवे असले, तर पान्यावर ८० च ठरवावे. काम संपल्यावर स्प्रिंगचा ताण किमान मापापर्यंत उतरवून पाना ठेवावा, आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार वापरांनंतर त्याची तपासणी करून घ्यावी.

एंजिनाच्या सिलिंडरवरील झाकणात घर्षणाची अनिश्चितता परवडत नाही. असमान ताणामुळे गॅस्केट फुटून पाणी व तेल एकत्र होते. म्हणून अनेक आधुनिक एंजिनांचे हे बोल्ट, मध्यापासून कडांकडे जात, आधी थोड्या परिबलाने आवळतात आणि नंतर ठरावीक अंशांतून फिरवितात. आट्यांतील अंतर दीड मिलिमीटर असेल, तर ९० अंशांच्या फिरकीने बोल्ट ०.३७५ मिलिमीटर पुढे सरकतो, मग आटे कोरडे असोत वा तेलकट. हे बोल्ट बहुधा स्थितिस्थापकतेच्या सीमेपलीकडे ताणले जातात. त्यामुळे ते एकदा सोडल्यावर पुन्हा चालतील की नवे घ्यावे लागतील, हे त्या मोटारीच्या पुस्तिकेत पाहूनच झाकण उघडावे.