यंत्रनिर्मित आज्ञावली : सॉफ्टवेअरची गुणवत्ता आणि प्रोग्रामरचे कौशल्य (आपटा-रसायनी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव पनवेल-रोहा लोहमार्गावर वसलेले आहे. शेजारच्या रसायनी येथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स (स्थापना १९६०) या केंद्र सरकारच्या कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि पुढे पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात रसायनांचे व कृत्रिम धाग्याचे कारखाने आले. नियंत्रण कक्ष, पॅनेल ऑपरेटर, शिफ्ट हे शब्द या पट्ट्यातील घराघरांत परिचयाचे झाले. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिकचे रसायनी येथील तोट्यातील विभाग बंद करण्यास मान्यता दिली. कारखान्यातील नोकरीचा जुना आधार असा क्षीण होत असताना संगणक अभियांत्रिकीची पदवी आणि महापे, ऐरोली किंवा पुणे येथील सॉफ्टवेअर कंपनीतील नोकरी हा पुढच्या पिढीपुढील एक प्रमुख मार्ग ठरला.

या मार्गावरच आता एक मूलभूत बदल घडत आहे. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट हे साधन मर्यादित वापरासाठी आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. साध्या भाषेत वर्णन करावे आणि यंत्राने आज्ञावली लिहून द्यावी, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचली. अशा आज्ञावलीमुळे सॉफ्टवेअरची गुणवत्ता घसरते काय, आणि ती वापरणाऱ्याचे कौशल्य घटते काय, हे दोन प्रश्न सामान्यतः स्वतंत्रपणे चर्चिले जातात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्र आज्ञावली कसे लिहिते

भाषिक प्रारूप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालींना सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेला प्रचंड मजकूर व आज्ञावल्या पुरवून प्रशिक्षित केलेले असते. समोर असलेल्या मजकुरानंतर कोणता अंश येण्याची शक्यता सर्वाधिक आहे, याचा अंदाज प्रारूप बांधते आणि एकेक अंश जोडत आज्ञावली पूर्ण करते. अलीकडील साधने ती स्वतः चालवून पाहतात, चूक आल्यास दुरुस्तही करतात. तथापि, मूळ प्रकृती बदललेली नाही. जे वारंवार लिहिले गेले आहे ते यंत्र उत्तम लिहिते. जे विरळ आहे, स्थानिक आहे किंवा मागणी करणाऱ्याने सांगितलेलेच नाही, तेथे ते अनुमान करते. विशेष म्हणजे, दोन्ही प्रसंगी त्याचा स्वर सारखाच आत्मविश्वासाचा असतो.

वेगाचा प्रश्न

यंत्राच्या साहाय्याने काम लवकर होते, या समजुतीला आधार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये एक लहान सर्व्हर लिहिण्यास सांगितले गेले, तेव्हा कोपायलट वापरणाऱ्या गटाने ते काम ५५.८ टक्के कमी वेळात पूर्ण केले. काम नवे, सुटे आणि सर्वपरिचित स्वरूपाचे होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

मेटर या संस्थेने २०२५ मध्ये केलेला प्रयोग वेगळ्या परिस्थितीतील आहे. त्यात १६ अनुभवी प्रोग्रामरनी, ते वर्षानुवर्षे सांभाळत असलेल्या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांतील २४६ कामे केली. साधनांमुळे २४ टक्के वेळ वाचेल, असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावर २० टक्के वेळ वाचला असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्ष मोजणीत मात्र १९ टक्के वेळ अधिक लागल्याचे आढळले. हा निष्कर्ष २०२५ च्या आरंभीच्या साधनांपुरता आहे, आणि ती साधने झपाट्याने बदलत असल्याने त्या आकड्याला फार चिकटून राहणे योग्य होणार नाही. खरी दखल घ्यावी ती जाणवलेला वेग आणि घड्याळातील वेग यांतील अंतराची. अनुभवी माणसालाही स्वतःच्या कामाचा अंदाज इतका चुकत असेल, तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने ‘मला समजले’ म्हणणे कितपत प्रमाण मानावे?

दोष कोठे दडतात

यंत्रनिर्मित आज्ञावली चालत नाही, ही तक्रार आता फारशी ऐकू येत नाही. ती चालते; आणि चालते म्हणूनच तिच्यातील दोष नजरेआड होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ८९ प्रसंग योजून कोपायलटकडून १,६८९ आज्ञावल्या लिहून घेतल्या, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत सुरक्षाविषयक दोष आढळले. उदाहरणार्थ, वापरकर्त्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या क्वेरीत जोडणे हा जुना आणि सुपरिचित दोष आहे. नावाच्या चौकटीत नावाऐवजी एखादी आज्ञा लिहून परका माणूस संपूर्ण तक्ता वाचू किंवा पुसू शकतो. चाचणीत मात्र सर्वजण नावच लिहितात आणि आज्ञावली उत्तीर्ण होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०२२ च्या अभ्यासात ४७ जणांचा सहभाग होता. साधन वापरणाऱ्यांची आज्ञावली तुलनेने कमी सुरक्षित होती, आणि तरीही आपली आज्ञावली सुरक्षित आहे असे मानण्याकडे त्यांचा कल अधिक होता.

दुसरा दोष रचनेचा आहे. चांगला प्रोग्रामर समान भाग एकत्र आणतो, जुने सुबक करतो, अनावश्यक ते काढून टाकतो. यंत्राकडे मागणी केली की ते नवे लिहून देते. गिटक्लिअर या कंपनीने सुमारे २१ कोटी ओळींच्या विश्लेषणातून मांडल्यानुसार २०२१ ते २०२४ या काळात नक्कल करून डकवलेल्या ओळींचे प्रमाण ८.३ वरून १२.३ टक्क्यांवर गेले, तर पुनर्रचनेचे द्योतक मानल्या जाणाऱ्या स्थलांतरित ओळींचे प्रमाण २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली आले. या बदलास केवळ यंत्रच कारणीभूत आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. काळ मात्र तोच आहे. एकच चूक दहा ठिकाणी डकवली गेली, तर ती दहा ठिकाणी दुरुस्त करावी लागते, आणि ती दहा ठिकाणे कोणती हे ठाऊक असणारा माणूस तेव्हा जागेवर असेलच असे नाही.

देवनागरीचे उदाहरण

वरील विवेचन परदेशी प्रयोगांवर आधारलेले असल्याने मराठी अध्यापकास जवळचे वाटेल असे एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. समजा, महाविद्यालयाच्या कार्यालयासाठी विद्यार्थ्यांच्या आडनावांची मराठी यादी अकारविल्हे लावून हवी आहे. क्रम लावण्याची सर्वांत सोपी आज्ञा प्रत्येक वर्णाच्या युनिकोड क्रमांकानुसार चालते. युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर व ‘व’च्या आधी आहे, मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो. परिणामी ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी छापले जाते, शब्दकोशाच्या क्रमाने ते नंतर यावयास हवे. मराठी क्रमाचे नियम संगणकासाठी तयार आहेत, परंतु ते मागावे लागतात.

अक्षरमोजणीतही असाच प्रकार घडतो. ‘क्षमा’ या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात, तर पायथन या भाषेतील लांबी मोजणारी आज्ञा पाच हे उत्तर देते, कारण क, हलन्तचिन्ह, ष, म आणि काना हे पाच स्वतंत्र संकेत आहेत. अर्जातील चौकटीला अक्षरमर्यादा घातली की मराठी नाव मध्येच तुटते ते यामुळे. ‘कऱ्हाड’ या गावाच्या नावाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. त्यातील अर्धा ‘ऱ’ किमान दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेताना मात्र एक लिहिलेला दुसऱ्यास सापडत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीतून एखाद्या विद्यार्थिनीचे नाव अशा प्रकारे गळाले, तर संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही.

या तिन्ही अडचणींची उत्तरे यंत्रास ठाऊक असतात. विचारले तर ते ती सुबोधपणे समजावूनही देते. परंतु ‘ळ’ कोठे येतो हे विचारण्याची गरज आहे, ही जाणीव विचारणाऱ्याकडे असावी लागते. इंग्रजी नावांवर चाचणी घेऊन समाधान मानणाऱ्यास ती होत नाही. गुणवत्तेचा प्रश्न येथे कौशल्याच्या प्रश्नास येऊन मिळतो.

नियंत्रण कक्षाचा अनुभव

हा पेच संगणकक्षेत्राने प्रथम अनुभवलेला नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये स्वयंचलनातील विरोधाभासांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी रसायन व तत्सम प्रक्रिया-उद्योगांतील नियंत्रण कक्षाचा कामगार होता, म्हणजे ज्या प्रकारचा कामगार रसायनी-पाताळगंगा पट्ट्याने अनेक दशके पाहिला तोच. प्रक्रिया स्वयंचलित झाली की माणसाकडे दोनच कामे उरतात : लक्ष ठेवणे आणि यंत्र हरले की सूत्रे हाती घेणे. परंतु रोज हाताने न चालविल्यामुळे हाताचे कौशल्य झिजते, आणि ते नेमके सर्वांत कठीण क्षणी लागते. बेनब्रिज यांचे आणखी एक निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे आहे. स्वयंचलित यंत्रणेवर देखरेख करणारी पहिली पिढी पूर्वी हाताने काम केलेली असल्यामुळे निभावून नेते. पुढील पिढीकडे ती पुंजी असण्याची शाश्वती नसते.

हाच विचार सॉफ्टवेअरला लावता येतो. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, आज्ञावली लिहिणे म्हणजे ओळी निर्माण करणे नव्हे, तर प्रश्नाविषयीचे एक आकलन मनात उभारणे होय. ते आकलन असलेली माणसे विखुरली की ओळी शिल्लक असूनही आज्ञावली मृतवत होते. यंत्राने लिहिलेल्या व कोणीही लक्षपूर्वक न वाचलेल्या आज्ञावलीबाबत तर असे आकलन कोणाच्याच मनात आरंभापासून नसते. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या मंचावरील कृत्रिम साहाय्यकाने, बदल करू नयेत अशी स्पष्ट सूचना असतानाही, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. त्या घटनेत साहाय्यकाच्या चुकीइतकाच महत्त्वाचा मुद्दा असा की, अशी आज्ञा अमलात येण्यापूर्वी तिच्या वाटेत माणूस ठेवलेला नव्हता.

प्रयोगशाळा, जर्नल आणि तोंडी परीक्षा

अध्यापकांच्या दृष्टीने खरा प्रश्न वर्गातील आहे. प्रात्यक्षिकाचे जर्नल मित्राकडून घेऊन उतरविणे ही आपल्या अभियांत्रिकी व संगणकशास्त्र महाविद्यालयांतील जुनीच रीत असून तिचे खापर कृत्रिम बुद्धिमत्तेवर फोडता येणार नाही. तरीही उतरविण्याच्या त्या प्रकारात काही श्रम शिल्लक होते. ओळी टंकित कराव्या लागत, अर्धविराम सुटे, संगणक चूक दाखवी, आणि ती शोधताना थोडे तरी शिकणे घडे. आता ती फटही बुजली आहे. २०२२ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या प्राथमिक प्रोग्रामिंग परीक्षेचे प्रश्न कोडेक्स या प्रारूपास दिले असता, ७१ विद्यार्थ्यांच्या गुणक्रमात त्याचे स्थान सतरावे आले. म्हणजे घरी दिलेल्या आणि छापून सादर केलेल्या आज्ञावलीवरून विद्यार्थ्याचे मूल्यमापन करण्याची पद्धत तेव्हाच निरर्थक झाली होती. सत्रकर्माचे गुण मात्र अनेक ठिकाणी अद्याप त्याच आधारावर दिले जातात.

सरसकट बंदीचा आग्रहही पटण्यासारखा नाही. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील त्रुटीसंदेश कोड्यासारखा वाटतो. तोच संदेश मराठीत उलगडून सांगणारे साधन त्याच्यासाठी मोलाचे आहे, आणि शहरातील खासगी शिकवणी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तर अधिकच. फरक पडतो तो साधन काय देते यावर. तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणित विषयात झालेला एक प्रयोग २०२४ मध्ये मांडण्यात आला. थेट उत्तर देणारे साधन वापरणाऱ्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते साधन कधीही न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडले. उत्तराऐवजी शिक्षकाने बेतलेल्या सूचना देणारे साधन वापरलेल्या दुसऱ्या गटात ही हानी बहुतांशी टळली. विषय गणित असला तरी प्रोग्रामिंगच्या अध्यापकाने तो बाजूला सारण्यासारखा नाही.

यावरून महाविद्यालयीन स्तरावर काही बदल शक्य दिसतात. प्रथम वर्षात प्रयोगशाळेतील काम साधनाविना व्हावे. पुढील वर्षांत यंत्राने लिहिलेली आज्ञावली वाचणे, तिच्यातील दोष शोधणे आणि तिच्यासाठी चाचण्या रचणे हेच प्रात्यक्षिक मानले जावे. जर्नलमध्ये अंतिम आज्ञावलीऐवजी कोणती चूक आली, ती कशामुळे आली व कशी दूर केली याची नोंद असावी. मूल्यमापनाचे वजन तोंडी परीक्षेकडे सरकावे लागेल, आणि अडचण तेथेच आहे. वीस विद्यार्थ्यांची तुकडी व दोन तासांचे प्रात्यक्षिक धरल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सहा मिनिटे येतात. ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ एवढा एक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहण्यास ती पुरतात. जर्नलच्या प्रत्येक पानावर सही करण्यात जाणारा वेळ त्यातून वजा झाला, तर मात्र पुरत नाहीत.