सिग्नल लाल, इंजिन बंद

दिवाळीच्या सुट्टीत मी दिल्लीला आई-बाबांकडे गेलो होतो. धाकट्या बहिणीला दमा आहे. तिला दवाखान्यात नेताना धौला कुआँजवळ आमची रिक्षा सिग्नलला थांबली. समोर आकडा होता 110. पुढे एक डिझेल जीप इंजिन सुरू ठेवून उभी. बहीण ओढणीने नाक दाबून बसली. तेव्हापासून मी या विषयाची माहिती काढू लागलो.

दिल्लीत 2020 च्या ऑक्टोबरमध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' मोहीम सुरू झाली. 100 चौकांत फलक घेऊन स्वयंसेवक उभे राहिले. दंड मात्र नव्हता, विनंतीच होती. हिवाळ्यात हवा बिघडली की दिल्ली आणि आसपासच्या भागात 'ग्रॅप' नावाची टप्प्याटप्प्याची योजना लागू होते. हवेचा निर्देशांक 200 च्या वर गेला की तिचा पहिला टप्पा लागतो. लाल सिग्नलला इंजिन बंद करा, ही सूचना त्यातच आहे. पण तीही सूचनाच. मोटार वाहन कायद्याचे कलम 126 सांगते की चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवे. ते अपघात टाळण्यासाठी आहे, धुरासाठी नव्हे.

हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर उबदार हवेचे झाकण बसते. धूर वर जातच नाही. तो चौकातल्या पोलिसाच्या, फुगेवाल्या पोराच्या छातीत जातो.

बाबा म्हणाले, "अरे, पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल जातं." जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांपासून चालत आलेला हा समज आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत साधारण 10 सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर बंद करणेच स्वस्त पडते. बाबांना पटायला दोन दिवस लागले!

शाळेत परतल्यावर पाहिले, सहलीची बस मैदानाशेजारी सुरूच होती आणि आमची हजेरी चालू होती. ड्रायव्हरकाकांना विचारले. ते म्हणाले, "ब्रेकला हवेचा दाब लागतो, तो भरायला काही मिनिटं इंजिन चालवावंच लागतं." हे मला माहीत नव्हते. मग आमचे ठरले: हजेरी संपत आली की मी हात करायचा, काकांनी तेव्हाच चावी फिरवायची.