करपा पानावर, राखणदार मुळाशी

पौड सोडून ताम्हिणीकडे निघालं की श्रावणात भाताची खाचरं डोळ्यांत मावत नाहीत. जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी ठिपके: करपा. मग कुणी स्युडोमोनासची पुडी आणतो, फवारतो, आठवडाभर वाट पाहतो आणि म्हणतो, ‘नुसती भुकटी आहे.’

भुकटी आहेच, शंखजिऱ्याची. कामाचे आहेत ते तिच्यातले जिवंत जिवाणू, आणि त्यांना औषध समजणं हीच पहिली चूक. पडलेला ठिपका ते पुसत नाहीत. त्यांची वेळ रोग येण्याआधीची: किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम भुकटी चोळायची, आणि आवणीच्या वेळी रोपांची मुळं तिच्या द्रावणात अर्धा तास बुडवून ठेवायची.

‘रोग पानावर, मग मुळाला का लावायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. मातीतल्या बुरशीशी स्युडोमोनास थेट भिडतो. सिडेरोफोर नावाचे पदार्थ सोडून तिथलं लोह ओढून घेतो, बुरशी उपाशी राहते. पानावरच्या करप्याला मात्र मुळाशी बसलेला स्युडोमोनास शिवतही नाही. मुळाशी वस्तीला आला की रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते आणि ती पानापर्यंत पोचते.

काहींना वाटतं, रोपांसाठीचा राब भाजला म्हणजे जमीन निर्जंतुक झाली, आता वेगळं काही नको. भाजणीने तणाचं बी जळतं, वरच्या थरातले जिवाणूही बरेच जळतात. पण रिकामी जागा रिकामी राहत नाही. निवलेल्या राबात आधी कोण बस्तान बसवतो, एवढाच प्रश्न उरतो.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा. करपा बुरशीचा, कडा करपा जिवाणूचा. बोलण्यात दोन्ही ‘करपा’च. मग कडा करप्याचं प्रतिजैविक त्याच पंपात मिसळलं जातं आणि आपलेच जिवाणू मरतात. ताम्रयुक्त बुरशीनाशकाचंही तेच. ट्रायकोडर्माला तर सर्रास जिवाणू म्हणतात, प्रत्यक्षात ती बुरशी आहे, दुसऱ्या बुरशीवर जगणारी.

युरियाचा हात सैल सुटला, वर ढगाळ हवा आणि रिमझिम लागून राहिली, की जिवाणूही हात टेकतात. लोंबी निसवताना मानेवर करपा उतरला, तर शिफारशीचं बुरशीनाशकच लागतं. 

पुडी घेताना तारीख बघावी, आणि ती पत्र्याखाली तापत पडली होती का, तेही विचारावं. स्युडोमोनास बीजाणू धरत नाही. बॅसिलस हा दुसरा जिवाणू धरतो, म्हणून तो असा उन्हाळा काढू शकतो.