लेकरांच्या परदेशातील संसारात आपली प्रकृती

मुलगा वा मुलगी अमेरिकेत, नातवंडे लहान, आणि ‘आईबाबा, सहा महिने येऊन राहा’ असा आग्रह. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा योग येतो. निघण्यापूर्वी तेथील दिवस कसा असतो, हे जाणून घ्यावे.

न्यू जर्सीतील एखादे तरुण मराठी कुटुंब घ्या. सकाळी थोरल्याला शाळेची बस गाठायची, धाकटीला पाळणाघरात सोडायचे, मग दोघांनी कामावर धावायचे. धुणीभांडी यंत्रावर होतात, पण ती यंत्रे भरणे-उपसणे घरच्यांच्याच हाती. वरकामाला बाई नाही. बहुतेक ठिकाणी मोटारीवाचून साधे वाणसामानही आणता येत नाही. डिसेंबरात तर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो.

ही ओढाताण पाहून आपला जीव तुटतो, आणि धोका नेमका येथेच आहे. छातीत दुखले, तोल गेला, लघवीला जळजळ झाली, तरी ‘पोरांना रजा काढावी लागेल, मोठे बिल येईल’ या विचाराने आजी-आजोबा गप्प राहतात. तिकडून परतलेल्या रुग्णांच्या तोंडून हे मी अनेकदा ऐकले आहे. दुखणे अंगावर काढण्यामागे माया असते, हे खरे. परंतु वाढलेल्या दुखण्याचा खर्च आणि मनस्ताप अखेर त्याच मुलांच्या वाट्याला येतो.

म्हणून तयारी इथूनच करावी. प्रवासविम्यात जुन्या आजारांविषयी काय लिहिले आहे, ते मुलांकडून नीट वाचून घ्या. औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्या, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तिकडे चालत नाहीत. आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन या नावाने मिळते. घड्याळ ऋतूनुसार साडेनऊ वा साडेदहा तास मागे जाते. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. विमानात पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला. बर्फ पडल्यावर एकट्याने बाहेर पडू नका.

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दाब जाणवणे, यांपैकी काहीही झाल्यास मुले घरी येण्याची वाट न पाहता ९११ फिरवा. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ लावून ठेवा. विमा असो वा नसो, तेथील रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाने रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे, असा १९८६ पासूनचा कायदा आहे. बिल नंतर येते, हे खरे. पण पक्षाघातात आणि हृदयविकारात गेलेला वेळ परत मिळत नाही.

आणि दर रविवारी, सर्वजण घरी असताना, आपला रक्तदाब, साखर आणि बारीकसारीक तक्रारी मुलांना सांगून टाका. दहा मिनिटे पुरतात. तेवढी सवड त्यांना नक्कीच असते.